खुणेचं पोतं

भावजींना रत्नागिरीला मी नेलं. ते आपणहून गेले नसते. पुण्याहून साहेबाचं कार्ड आलं, ते त्यांनी वाचलं, वाशाच्या फटीत खोचलं आणि कोयता घेऊन सरळ आंब्याच्या कलमांत निघून गेले. कुणाचं कार्ड म्हणून विचारलं तर म्हणाले, "कुणाचं नाय." आता पोस्टमन काय 'कुणाचं नाय' असलं कार्ड घेऊन नदी ओलांडून येतो? मी ते काढलं आणि शेजारच्या काशीच्या सुनेकडून वाचून घेतलं. काशीशी माझं पटत नाही, पण तिची सून शाळा शिकलेली आहे. गरज पडली की मी कुणाच्याही दारात जाते.

मी राही. आमची वाडी संगमेश्वरच्या पलीकडे, नदीच्या अंगाला. धाकूभावजी हे माझे दीर, माझ्या नवऱ्याच्या पाठचे. त्यांनी लग्न केलं नाही. पडवीत निजतात, माझी शेती बघतात आणि दोन वेळा माझ्या हातचं जेवतात. ह्यावरून लोकांनी काय बोलायचं ते बोलून झालं. आता आम्ही दोघं म्हातारी झालो, तेव्हा कुठे त्यांची तोंडं मिटली.

माझ्या नवऱ्याचं नाव भागोजी. बायकोने नवऱ्याचं नाव घेऊ नये म्हणतात, पण नाव न घेता सांगत बसले तर तुम्हाला काही कळायचं नाही. दुसऱ्या महायुद्धात दोघं भाऊ एकाच दिवशी रत्नागिरीला भरती झाले. ह्यांची छाती भरली, हे पायदळात गेले. भावजींची छाती थोडी कमी भरली, म्हणून त्यांना रसदीच्या खात्यात घेतलं. विमानातून तांदूळ टाकायचं काम, असं सांगायचे. मला काय, मी म्हणायचे पोतीच उचलायची तर मुंबईच्या गोदीत काय वाईट होतं.

ब्रह्मदेशाच्या लढाईत हे गेले. तार आली तेव्हा मी अठराची पण नसेन. तारेत मेले एवढंच होतं. कसे मेले, कुठे पुरलं की जाळलं, काही नाही. लढाई संपल्यावर भावजी घरी आले, उंबऱ्यात बसले आणि म्हणाले, "छातीवर गोळी लागली, वैनी. पुढून." पाठीत नाही, पुढून. त्या एका शब्दावर मी आयुष्य काढलं. सासूबाई गेल्या, सासरे गेले, पोर नाही बाळ नाही. पण पाणवठ्यावर चार बायकांत मी मान वर करून उभी राहायचे ती त्या शब्दावर.

आणि त्याच शब्दावर काशीने एकदा हात घातला. पाण्याच्या पाळीवरून भांडण, दुसरं काही नाही. ती म्हणाली, "लढून मेला म्हणे! शाळेच्या ओट्यावर पहिल्या लढाईतल्या माणसांची नावं दगडावर कोरलीयत. तुझ्या घोवाचं नाव कुठंय गो? हगवण लागून मेला असंल कुठंतरी." मी तिची घागर ओतून दिली, ते वेगळं. पण गोष्ट खरीच होती. नाव कुठेच नव्हतं.

म्हणून काशीच्या सुनेने ते कार्ड वाचलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. कॅप्टन पराडकर नावाचे साहेब, भावजींच्या कंपनीतले. ते कंपनीचा इतिहास लिहीत होते, छापून पुस्तक करणार होते. जिल्ह्यातली जुनी माणसं हयात आहेत तोवर भेटावीत म्हणून रत्नागिरीच्या आरामगृहात येऊन उतरणार होते. मी मनात म्हटलं, राही, पुस्तक म्हणजे दगडाहून चांगलं. दगड शाळेच्या ओट्यावर पडून राहतो, पुस्तक पुण्या-मुंबईला जातं. ह्यांचं नाव त्यात घालून घ्यायचं. भागोजी, छातीवर गोळी, पुढून. मग काशीच्या सुनेलाच काशीपुढे बसवून वाचायला लावायचं.

भावजींना सांगितलं तर म्हणाले, पोटात दुखतंय. दुसऱ्या दिवशी म्हणाले, गाभण म्हैस सोडून कसं जाणार. मी म्हटलं, "म्हैस वाडीतला बाबल्या बघील. आजवर तुमच्याकडं काय मागितलंय मी? सख्ख्या भावाचं नाव सांगायला जीव जातोय तुमचा?" मूग गिळून बसायची त्यांची जुनी खोड. मी त्यांचा धुतलेला सदरा काढून ठेवला आणि सकाळच्या एसटीला दोघं बसलो. हातखंब्यापर्यंत ते खिडकीबाहेर बघत होते. मला वाटलं, गाडी लागतेय. मी आवळा सुपारी पुढे केली, ती त्यांनी मुठीत धरून ठेवली, खाल्ली नाही.

आरामगृहाच्या व्हरांड्यात साहेब बसले होते. उंच, वाळलेले, रत्नागिरीच्या घामातही कोट घातलेला. भावजींना बघून उठून उभे राहिले आणि त्यांनी भावजींचे दोन्ही हात धरले. एवढा मोठा साहेब असं करील असं मला वाटलं नव्हतं. शेजारी नाटे गावचे नासिरभाई बसले होते, पांढरी दाढी, डोक्यावर जाळीची टोपी. ते भावजींबरोबर एकाच विमानात होते. येताना सुक्या बोंबलांची जुडी घेऊन आले होते, ती साहेबाच्या टेबलावर तशीच ठेवलेली आणि तिचा वास सगळ्या व्हरांड्याला. साहेब बिचारे काही बोलत नव्हते.

साहेबांनी लिहिलेलं वाचून दाखवायला घेतलं. मी म्हटलं, आता हे पुण्याचं शुद्ध मराठी मला कितपत झेपतंय बघू. पण ऐकत गेले तशी मी हलले नाही जागची.

कंपनी उभी राहिली तेव्हा त्यातल्या एकालाही विमान जवळून माहीत नव्हतं. कुणी शेतकरी, कुणी खलाशी, कुणी गिरणीतला. आगरतळ्याच्या धावपट्टीशेजारी बांबूच्या झोपड्यांत ठेवलेलं. डाकोटा विमानं, त्यांचं दारच काढून टाकलेलं. डोंगरात आपल्या पलटणी अडकलेल्या, चारी बाजूंनी जपानी, रस्ते तुटलेले. वरून जे पडेल त्यावर जगायचं. हवाई छत्र्या कमी होत्या, त्या दारूगोळ्याला लागायच्या. तांदूळ, डाळ, मीठ तसंच खाली सोडायचं. पोत्यात पोतं घालायचं आणि आतलं अर्धंच भरायचं, म्हणजे आतलं फुटलं तरी बाहेरचं धरून ठेवतं. विमान डोंगराला घासत जायचं. गड्यांनी दारापाशी पोती रचायची, पाठीवर निजायचं, पाय पोत्यांना लावायचे आणि पुढे गोऱ्या वैमानिकाने घंटा वाजवली की ढकलायचं. खालची जागा आमच्या खळ्याएवढी, एका दमात सगळी पोती टाकली तर जंगलात जायची. म्हणून फेरीमागून फेरी. दर फेरीला चार पोती, पाच पोती. पावसात, ढगात, खालून गोळ्या येत असताना. काही विमानं परत आलीच नाहीत, त्यांतल्या माणसांची नावं साहेबांनी थांबून थांबून वाचली.

"एकदा मी दारातनं गेलोच होतो," नासिरभाई म्हणाले. "धाकूने कंबरपट्टा धरला म्हणून हाय. खलाशी मी, दर्यात कधी बुडालो नाय, आभाळात बुडत होतो." आणि ते असे हसले की खोकलाच लागला. साहेब हसले. मीही हसले. भावजींकडे बघून मला पहिल्यांदा अभिमान वाटला. इतकी वर्षं मी त्यांना पोतीवाले म्हणून हिणवत आले, आणि ह्या माणसाने उघड्या दारात निजून हजारो माणसं जगवली. एक शब्द बोलले नव्हते कधी. मी म्हटलं, घरी गेल्यावर भावजींना गोड करून घालायचं.

भावजी मात्र हसत नव्हते. खुर्चीच्या कडेला बसले होते, टोपी मांडीवर.

साहेबांनी कागद खाली ठेवले तशी मी बोलले. "साहेब, आता आमच्या ह्यांचं लिहा. भागोजी नाव. हे पायदळात होते. छातीवर गोळी लागून गेले, पुढून. भावजींना सगळं ठाऊक आहे. तेवढी एक ओळ पुस्तकात घाला, मी दुसरं काही मागत नाही."

साहेब म्हणाले, "बाई, ते आमच्या कंपनीतले नव्हेत. पण ज्यांना आम्ही जेवू घातलं, त्यांच्यावर एक प्रकरण लिहितो आहे. धाकू, तुझा भाऊ त्या वेढ्यात होता ना? त्याच्या पलटणीला तूच रसद टाकलीस का?"

भावजींच्या वतीने नासिरभाई बोलले. "टाकली म्हणजे काय साहेब! खुणेचं पोतं त्याचंच असायचं."

"खुणेचं पोतं?" साहेबांनाही ते माहीत नव्हतं.

"चोरून करायचो ना आम्ही. तुम्हाला कोण सांगतंय?" नासिरभाई खुर्ची ओढून पुढे सरकले. आता चाळीस वर्षांनी कोण शिक्षा करणार, असं त्यांच्या तोंडावर दिसत होतं. आपल्या जिल्ह्यातले जे गडी विमानांवर होते, ते घरून आलेलं काहीबाही एका पोत्यात तांदळाच्या मधोमध घालायचे. सोलं, सुकट, कुणाच्या आईने दिलेली पापडी. त्या पोत्यावर लाल कावेने फुली मारायची. खाली आपल्या मुलखातले जे होते त्यांना निरोप गेलेला असायचा, की लाल फुली म्हणजे तुमचं. "आणि ते पोतं सगळ्यात शेवटच्या फेरीला ढकलायचं, हा आमचा नियम," नासिरभाई म्हणाले. "का म्हणाल तर खाली आधी धावून चालत नाय. विमान फिरतंय तोवर पोती पडतायत. पोतं डोक्यात बसलं तर माणूस खलास. म्हणून लाल फुली पडली म्हणजे संपलं, आता धावा. त्यांना ती खूण पाठ झालेली."

ऐकता ऐकता मला एकदम आठवलं. सासरे आजारी म्हणून भावजी लढाईच्या मधेच आठ दिवस रजेवर आले होते. परत जाताना मी त्यांच्याकडे कुळथाची पिठी दिली होती. कुळीथ भाजून, जात्यावर बारीक दळून, मांजरपाटाच्या पिशवीत शिवून. ह्यांना पिठी फार आवडायची, नुसत्या पिठी-भातावर उठायचे. मी भावजींना म्हटलं होतं, कसंही करून पोचवा. पुढे ती तार आली आणि पिठी मी विसरून गेले.

"माझी पिठी होती," मी म्हटलं. मला इतका आनंद झाला की मी नासिरभाईंच्या खुर्चीवर हात ठेवला. "मी दिली होती. मिळाली का हो ती ह्यांना?"

नासिरभाईंचं तोंड उतरलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग भावजींकडे. "धाकू," ते हळू म्हणाले, "तू घरी सांगितलं नायस?"

भावजींची टोपी खाली पडली. त्यांनी ती उचलली नाही.

"पोचली, वैनी," ते म्हणाले.

मग जे सांगितलं ते सलग सांगितलं नाही. आधीच्या खेपेला ते पोतं नियमाप्रमाणे शेवटी ठेवलेलं. पण ढग खाली उतरले, गोऱ्याने फेऱ्या अर्ध्यावर सोडून विमान वळवलं आणि खुणेचं पोतं न टाकताच परत आलं. भावजी दोन दिवस तळमळत होते. वैनीने दळून दिलेली पिठी, दमट हवेत जाळी धरील. खाली भाऊ उपाशी. पुढच्या खेपेला पुन्हा ढग होते. पुन्हा परत न्यायला लागेल ह्या भीतीने त्यांनी ते पोतं शेवटी ठेवलं नाही. सगळ्यात पुढे, दाराशी ठेवलं. पहिल्याच फेरीला ढकललं.

"मला एवढंच वाटलं, वैनी, की एकदा ते खाली पडू दे," भावजी म्हणाले. "खालचा काय समजंल ते डोक्यातच आलं नाय."

विमान फिरून पुन्हा त्याच जागेवर आलं. घंटा झाली. पाय ढकलले गेले आणि त्याच वेळी त्यांना दारातून खाली माणूस दिसला. मोकळ्या जागेत एकटाच धावत होता, लाल फुलीच्या पोत्याकडे.

"तोंड दिसलं नसतं तरी चाललं असतं," भावजी म्हणाले. "धावण्यावरनं ओळखला. लहानपणापासनं त्याच्या मागनं धावलोय मी. पाय मागं घ्यायला गेलो तर पोती सुटली होती."

पुढे खालून जखमी माणसं विमानाने आली, त्यांनी नाव सांगितलं. तांदळाच्या पोत्याखाली गेला. गोळी नाही, काही नाही.

व्हरांड्यासमोरून मुलं सायकली फिरवत होती, त्यांचा आवाज तेवढा येत होता. आपलेच दात आणि आपलेच ओठ म्हणतात ते मी आयुष्यात शंभर वेळा बोलले असेन, त्या दिवशी ते चावून दाखवलं देवाने. रडू येत नव्हतं. मी साहेबांना म्हटलं, "गोळीच लिहा."

साहेबांनी चष्मा काढला. "बाई, असे मृत्यू झाले हे मला माहीत होतं. मोजदाद कुणी ठेवली नाही, नावं तर नाहीच. माझ्याच कंपनीच्या पोत्यांखाली गेलेली माणसं आहेत ती, मलाही झोप लागत नाही. पण गोळी नाही लिहिता येणार. खरं असेल ते लिहीन, नाहीतर काहीच लिहिणार नाही. आणि खरं लिहायचं तर धाकूचं नाव येणार."

"लिहा साहेब," भावजी म्हणाले. "माझं नाव घालून लिहा."

"तुम्ही गप बसा," मी म्हटलं. एवढ्या जोरात म्हटलं की आतला खानसामा दारात आला. साहेब म्हणाले, छपाईला दसऱ्यानंतर जाणार, तोवर विचार करा, कार्ड टाका. मी पदर खोचला आणि पायऱ्या उतरले. भावजी मागून आले.

एसटीत मी पुढे बायकांच्या सीटवर बसले, ते मागे. घरी आल्यावर मी त्यांच्याशी बोलले नाही. त्या दिवशी नाही, त्या आठवड्यात नाही. ताट वाढून पडवीत ठेवायचे आणि आत यायचे. ताट परत यायचं ते अर्धं भरलेलं. भात पोटरीला आला होता, डुकरं शेतात घुसत होती, ते राखणीला शेतातल्या माळ्यावर जाऊन बसायचे आणि सकाळी तांबडे डोळे घेऊन यायचे. काशी एकदा कुंपणाशी येऊन गोड आवाजात विचारून गेली, "काय गो, लिवलं काय साहेबानं?" मी म्हटलं, "लिहितोय." आणखी काय सांगणार? झाकली मूठ सव्वा लाखाची.

त्यांना वाटत होतं मी त्यांच्यावर रागावलेय. रागावले होतेच. ह्या माणसाने मला गोळी दिली आणि मी ती चाळीस वर्षं दागिन्यासारखी मिरवली. माझ्या नवऱ्याचं मरण ह्याने मला कळू दिलं नाही. लग्न का करत नाही म्हणून मी किती टोमणे मारले, तर मान खाली घालून नांगर धरायचा. मला वाटायचं, भावाच्या मायेने राबतोय. तो शिक्षा भोगत होता आणि मी त्याच्याकडून राबवून घेत होते.

पण खरी गोष्ट ती नव्हती. खरी गोष्ट अशी की चुलीपुढे बसले की जात्याकडे बघवत नव्हतं मला. ती मी कुणाला बोलले नाही.

मग एका दुपारी भावजी मागल्या दारी आले. हातात लष्करातली जुनी पत्र्याची ट्रंक. म्हणाले, "मी जातो, वैनी. मुंबैला चुलतभावाकडं राहीन. कापणीला बाबल्या येईल, त्याला सांगितलंय." मी भाजी चिरत होते. वर बघितलं तर समोर म्हातारा माणूस उभा, गळ्याच्या शिरा निघालेल्या, सदऱ्याचं एक बटण तुटलेलं. ह्या घरातून निघाले तेव्हा दोघं भाऊ कसे होते ते मला डोळ्यांपुढे आलं.

"बसा," मी म्हटलं.

ते उंबऱ्यात बसले. लढाईहून आले तेव्हा बसले होते तसेच.

"एक सांगा. वरून बघितलं तेव्हा हे दिसत कसे होते?"

भावजींना तो प्रश्न कळला नाही. मी पुन्हा विचारलं. "गेले तेव्हा मी बघितले होते ते. गाल भरलेले, दंड असे. माझ्या डोळ्यांपुढं अजून तेच आहेत. तुम्ही शेवटचे बघितलेत. कसे होते?"

"दाढी वाढली होती," ते म्हणाले. "बारीक झाला होता, वैनी. लय बारीक. शर्ट अंगावर नुसता लोंबत होता. धावताना एका हाताने चड्डी धरली होती कमरेला."

"आणि?"

"विमान आलं तेव्हा वर बघितलं त्याने. हात केला. हसत होता की ओरडत होता ते वरनं नाय कळलं."

तेव्हा मला रडू फुटलं. तार आली तेव्हा रडले होते ते सासूने रडवलं म्हणून. आता रडले ते कमरेला चड्डी धरून धावणाऱ्या माणसासाठी. छातीवर गोळी घेतलेला शूर नवरा मी लोकांना सांगत फिरले आणि माझा खरा नवरा तिथे उपाशी होता, त्याची मला कधी शुद्धच नव्हती. त्याला भूक लागली असेल हे चाळीस वर्षांत एकदा माझ्या मनात आलं नाही. विळीवरच कपाळ टेकलं असतं मी, भावजींनी ती ओढून बाजूला केली.

बऱ्याच वेळाने तोंड धुतलं आणि म्हटलं, "कार्ड आहे का घरात?"

कार्ड होतं, कोरं. कधीपासून आणून ठेवलं होतं त्यांनी. ट्रंक आडवी करून त्यावर कार्ड ठेवलं, खिशातलं पेन काढलं आणि माझ्याकडे बघत राहिले.

"लिहा," मी म्हटलं. "भागोजी बरेच दिवस उपाशी होते, हे पहिलं लिहा. घरचं पोतं पडलेलं दिसलं म्हणून धावले. परक्याचं असतं तर धावले नसते. वरून दुसरं पोतं आलं, ते भावाने ढकललेलं होतं. दोघं सख्खे भाऊ होते आणि एकमेकांवर जीव होता, तेही लिहा."

त्यांनी लिहिलं. ओळी खाली उतरत होत्या. "झालं," ते म्हणाले.

"नाही झालं. पोत्यात कुळथाची पिठी होती, ती बायकोने दळली होती. कसंही करून पोचवा म्हणून तिनेच सांगितलं होतं. राही नाव घाला."

"ते कशाला, वैनी?" भावजींनी पेन वर उचललं. "तुझं काय त्यात? तू घरात बसून—"

"तुम्ही एकट्याने किती वर्षं वाहिलंत ते?" मी म्हटलं. "घाला माझं नाव."

त्यांनी घातलं. मग पेन ठेवलं आणि ट्रंकेवर डोकं टेकून मोठ्याने रडले, आई मेल्यावर पुरुष रडतात तसे. शेजारी काशीला ऐकू गेलं असेल. जाऊ दे. मी त्यांना थांबवलं नाही. रडून झाल्यावर दोघांची ताटं आत वाढली, एकाच पंगतीला, आणि ते जेवत होते तेवढ्यात मी ट्रंक उचलून पुन्हा पडवीत नेऊन ठेवली.